वकीलपत्रावर सही कुणाची?

लंडनजवळ राहणाऱ्या एका सॉलिसिटर भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा गोषवारा देते.

त्यांच्या आजोबांचं गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या काठी. धरण झालं आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं. आजोबांना सांगली जिल्ह्यात पर्यायी जमीन मिळाली. चुलते तिथल्या वसाहतीत राहिले, वडील मुंबईला जाऊन माथाडीत लागले. या भगिनी कायदा शिकल्या, इंग्लंडला गेल्या, आता तिथलं नागरिकत्वही घेतलं आहे. गेली सहा वर्षं त्या तिकडच्या सभांमधून कोयनेच्या विस्थापितांबद्दल बोलतात, लेख लिहितात, तिथल्या खासदारांना पत्रं पाठवतात. आता संयुक्त राष्ट्रांकडे द्यायचं एक निवेदन त्यांनी तयार केलं आहे. खोऱ्यातली जी जमीन पाण्याबाहेर राहिली आणि आज व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं परतण्याचा हक्क विस्थापितांना मिळावा, ही त्यातली मुख्य मागणी.

दिवाळीत त्या वसाहतीवर गेल्या आणि चुलतभावाला निवेदन मराठीत समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, तू आमच्यासाठी येवढं करतीस, त्यात वाईट काय न्हाई. पर तिकडं आमच्या नावानं काय मागायचं, ते आमाला कवा इचारलंस?" तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले आहेत. त्या विचारतात, "मी त्यांना परकी झाले का? आणि त्यांना स्वतःच्या हक्कांची जाणीवच उरली नसेल, तर मीही गप्प बसायचं का?"

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. जाणीव उरली नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? भावानं निवेदनाला मान डोलावली नाही म्हणून. पण त्यानं तर तुम्हाला एक प्रश्न विचारला, आणि तो अगदी वकिली प्रश्न आहे. कुठल्याही कोर्टात पहिल्याच तारखेला न्यायाधीश तेच विचारतात: तुम्ही कुणातर्फे?

कोयनेची माणसं काही विसरलेली नाहीत. श्रमिक मुक्ती दल या कष्टकऱ्यांच्या संघटनेच्या झेंड्याखाली कोयनानगरला माणसं आठवडेच्या आठवडे ठिय्या देऊन बसली, ती कुणी तिकडून सांगितलं म्हणून बसली नव्हती. डॉ. भारत पाटणकरांसारख्यांनी या प्रश्नावर आयुष्य घातलं आहे. धरणग्रस्तांच्या बैठकीत कधी मागं बसून ऐका. खातेदार कोण, संकलन रजिस्टरला, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीत, नाव कुणाचं, नागरी सुविधा कुठल्या मिळाल्या आणि कुठल्या कागदावरच राहिल्या, हे शाळेचं तोंड न पाहिलेली बाई घडाघडा सांगते. तुम्हाला कायदा पुस्तकातून आला, तिला तो हेलपाट्यांतून आला.

आणि हे हेलपाटे का पडले, तेही वाचकांना सांगितलं पाहिजे. या लोकांना उठवलं तेव्हा जमीन काढून घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा होता, पण उठवलेल्या माणसांना वसवायला कायदा नव्हता. महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. तोवर कोयना भरून बारा वर्षं झाली होती. मग माणसं कशी विखुरली? काही सांगलीला, काही सोलापूरला, काही खाली कोकणात, काही साताऱ्यातच डोंगरावर चार टप्पे वर सरकून. कुणाला जमीन मिळाली तर तिला पाणी नाही, कुणाला पाणी आहे तर कागद नाही. १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं धरण, त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला सोडतात आणि त्यावर वीज करतात. तुमच्या वडिलांच्या मुंबईतल्या खोलीत जो दिवा लागला असेल, त्यातही ते पाणी असणार.

म्हणून तुमचा राग मला पूर्ण पटतो. तो विझवा असं मी म्हणणार नाही. तो नेमका कुणाचा म्हणून मांडायचा, एवढाच आपल्यातला प्रश्न आहे.

साताऱ्यात राहून मला इथं रंगो बापूजी गुप्ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. तेव्हा वकील म्हणजे आजचा कोर्टातला वकील नव्हे, राजाचा प्रतिनिधी. ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात, भागधारकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांकडे ते वर्षानुवर्षं खेपा घालत राहिले. १८४७ ला महाराज काशीलाच वारले. १८४८ ला डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं. रंगो बापूजी परतले ते १८५३ साली, हात हलवत. सत्तावनच्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी दिली आणि ते स्वतः कुठं गेले ते आजवर कुणाला कळलं नाही. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंतींचं स्मारक आहे, कधी आलात तर संध्याकाळी जा. सगळा सातारा खाली दिसतो.

ही गोष्ट सांगते ती ते हरले म्हणून नव्हे. लंडनच्या त्या थंडीत त्यांच्याजवळ एक गोष्ट पक्की होती: ज्याच्यासाठी बोलायचं त्यानं त्यांना धाडलं होतं. तू कोण, असं विचारणाऱ्याला दाखवायला त्यांच्याजवळ अधिकार होता. ताई, तुमच्याजवळ तळमळ आहे, अभ्यास आहे, इंग्रजी आहे. वकीलपत्र नाही. निवेदनात तुम्ही "आम्ही कोयनेचे विस्थापित" असं लिहिलं आहे. त्या "आम्ही"खाली सही कुणाची?

आता भावाला काय हवं असेल, याचा थोडा अंदाज करते. चुकत असेन तर त्यालाच विचारून घ्या.

काही वर्षांपूर्वी एका तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी कामासाठी बसले होते. शेजारी एक आजोबा, धोतर, डोक्याला मुंडासं, मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीला दोरी बांधलेली. आत पुन्हा एक पिशवी. त्यातून त्यांनी एकेक कागद काढला आणि बाकावर मांडला. वसाहतीतल्या जमिनीचा सातबारा. संकलन रजिस्टरचा उतारा. बापाला मिळालेल्या नुकसानभरपाईच्या पावतीची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, इतकी पुसट की अक्षरापेक्षा घडीच ठळक. एका कागदावर बापाचं नाव रामा, दुसऱ्यावर रामचंद्र. दोन्ही माणूस एकच, हे सिद्ध करायला मूळ पावती आणा असं त्यांना आत सांगितलं होतं. मी विचारलं, मूळ कुठं आहे? म्हणाले, "आमी धरणाच्या वरच्या अंगाला सरकलो हुतो. भूकंपात घर बसलं. त्यात ग्येली." ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. म्हणजे आधी पाण्यानं गाव नेलं, मग भूकंपानं गाव असल्याचा पुरावा नेला. आजोबांनी कागद पुन्हा तसेच, त्याच क्रमानं आत ठेवले आणि दोरी बांधली.

वसाहतीतल्या घराघरात अशी एक पिशवी असते. तुमच्या भावाच्या घरीही असेल. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी "भोगवटादार वर्ग २" असतं, म्हणजे ती विकायची किंवा कुणाच्या नावे करायची तर सरकारची परवानगी लागते. ते वर्ग एक व्हावं, वारसनोंद व्हावी, नकाशाप्रमाणे मोजणी होऊन बांध ठरावा, पोराला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळावा, वसाहतीच्या रस्त्याला आणि स्मशानभूमीला जागा मिळावी. या मागण्या ऐकायला लहान वाटतात, लंडनच्या सभेत त्यावर टाळ्या पडणार नाहीत. पण साठ वर्षं ज्यांचं घोडं इथं अडलं आहे त्यांच्यासाठी त्याच मोठ्या आहेत. तुमच्या निवेदनात यातलं काय आहे? मी दोनदा वाचलं, मला दिसलं नाही.

परत जाण्याच्या हक्काबद्दल तर मी तुम्हाला आणखी एक गोष्ट विचारीन. खोऱ्यात अजून राहतात त्यांच्याशी बोललात का? कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. धरणानं वर ढकललेल्या काही गावांना जंगलानं पुन्हा उठवलं. उरलेत ते लाँचनं बाजाराला जातात, पावसाळ्यात दवाखान्याला जायचं तर जीव मुठीत धरतात. ज्या जमिनीवर परतायचं म्हणता, तिच्यावर गुरं चारण्याचा, हिरडा गोळा करण्याचा त्यांचाही दावा असू शकतो. दूरवरून ती जमीन मोकळी दिसते. जवळून तशी नसते.

तरीही परतण्याची ओढ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बामणोलीच्या बाजूला काठावरचा गाळ उघडा पडतो, आणि जुन्या घरांची जोती दिसायला लागतात. माझ्या ओळखीच्या एक काकू दर मे महिन्यात तिथं जायच्या. एका जोत्यावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "हितं चूल हुती." पायानं चिखल बाजूला केला, तर खरंच दोन काळे दगड. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या घरात आलेल्या, आणि चारच वर्षांत घर सोडलेलं. त्यांना तिथं परत राहायला जायचं नव्हतं, मी विचारलं होतं. त्यांना फक्त वर्षातून एकदा त्या चुलीपाशी उभं राहायचं होतं. सरकारदरबारी या गोष्टीसाठी रकाना नाही. तुमच्या मनात जे आहे ते बरंचसं या जातीचं असावं, असं पत्र वाचताना वाटत राहिलं. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, पण स्वतःच्या नावानं. "मी कोयनेच्या विस्थापिताची नात" असं लिहून बुडालेल्या गावांच्या नावांची नोंद मागा, गावकऱ्यांना त्या काठावर जायची रीतसर सोय मागा, त्या वेळचे कागद खुले करा म्हणा. त्यासाठी कुणाच्याही सहीची गरज नाही.

एक नाजूक गोष्ट आहे, रागावू नका. आजोबांच्या जमिनीत तुमच्या वडिलांचा हिस्सा आहे का, आणि त्याचं काय झालं? वडील मुंबईत, चुलते जमिनीवर. वारसनोंद करायची म्हटलं की वडिलांचं नाव येणार, आणि त्यांच्यामागून तुमचं. परदेशी नागरिकाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेला हिस्सा त्यानं जात नाही. तुम्ही कागदपत्रांबद्दल बोलायला लागलात की भावाच्या पोटात गोळा येत असेल, तो बोलून दाखवणार नाही. कोयनेच्या न्यायाबद्दल बोलण्याआधी घरातला हा विषय स्वच्छ करा. हिस्सा हवा असेल तर तसं सांगा, त्यात गैर काही नाही. नको असेल तर ज्याच्या नावे हिस्सा आहे त्यानं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, तोंडी "मला काही नको रे" याला किंमत नाही. तिकडूनच भारतीय उच्चायुक्तालयात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून इथल्या माणसाला अधिकार देता येतो. पण भावनेच्या भरात सोडूही नका. आधी वडिलांशी बोला.

तुमच्यासारखे आणखीही वाचक आहेत, दुबईत, अमेरिकेत, सिंगापुरात, ज्यांना गावासाठी काही करायचं असतं. म्हणून कायद्याच्या चार गोष्टी सांगते. वकील असूनही इथले नियम तुम्हाला सवयीचे नसतील. भारतात कोर्टात उभं राहायला इथल्या बार कौन्सिलची सनद लागते, इंग्लंडची सनद चालत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज २००५ च्या कायद्याप्रमाणे नागरिकानंच करायचा असतो, म्हणजे तो भावानं किंवा पुतण्यानं करावा. तुम्ही मसुदा लिहून द्या. ग्रामसभेत मत त्याच गावच्या मतदाराला. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी संशोधन किंवा पत्रकारितेसाठी २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे वेगळी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा वसाहतीत मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या विचारात असाल तर आधी ते बघा. आणि पैसा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसानं इथल्या संघटनेला दिलेली देणगी विदेशी योगदान ठरते, कार्ड असो वा नसो. एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संघटनेला तुम्ही प्रेमानं दहा हजार पाठवलेत, तर त्या प्रेमापायी तिच्या कार्यकर्त्यांना चौकशीला तोंड द्यावं लागेल. भारतीय पासपोर्ट ज्यांनी ठेवला आहे त्यांचं तसं नाही, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदानात धरत नाहीत. हा फरक लोकांना माहीत नसतो आणि नुकसान इथल्या माणसांचं होतं.

भावाला वकील हवा असेल आणि फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दावा बाईच्या नावानं असेल तर मोफत सल्ल्याला उत्पन्नाची अट नाही. वहिनीला हे सांगा.

मग तिकडं बसून काहीच करायचं नाही का? खूप करता येईल. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं उदाहरण तुम्हाला माहीतच असेल. खोऱ्यातल्या माणसांनी आधी गावोगाव उभं राहून सांगितलं, मग परदेशातल्या मित्रांनी तेच जसंच्या तसं वॉशिंग्टनला, धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेकडे पोचवलं. १९९२ साली बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं तिच्या तोंडावर अहवाल ठेवला आणि पुढच्या वर्षी भारतानं उरलेलं कर्ज सोडलं. धरण थांबलं नाही हेही खरं. पण बाहेरच्यांनी मागणी स्वतः घडवली नव्हती. त्यांनी पोस्टमनचं काम केलं, आणि ते काम हलकं नाही.

कोयनेच्या दुसऱ्या टप्प्यालाही १९६० च्या दशकात जागतिक बँकेच्या गटानं कर्ज दिलं होतं. ते कागद तिथल्या अभिलेखागारात आहेत. विस्थापितांबद्दलचं बँकेचं धोरणच १९८० चं, त्यामुळे त्या कागदांतून खटला उभा राहील असं मला वाटत नाही. पण उठवल्या जाणाऱ्या माणसांबद्दल त्या वेळी काय लिहिलं गेलं, किंवा काहीच लिहिलं गेलं नाही, हे शोधणं भावाला जमणार नाही. तुम्हाला जमेल. इंग्रजी कागद वाचून चार पानी सोपा मराठी सारांश वसाहतीवर आला, तर तो बैठकीत वाचला जाईल. ही मदत इथल्या कार्यकर्त्यांना रोज लागते.

निवेदन मात्र सध्या बाजूला ठेवा. फाडू नका. भावाला फोन करा, आणि निवेदनाचा विषय न काढता एवढंच विचारा की पिशवीत कुठला कागद कमी आहे. मधल्या काळात सभेचं आमंत्रण आलं तर जा, पण "मी त्यांची प्रतिनिधी नाही, मी त्या घरातली मुलगी आहे, आणि त्यांचं म्हणणं अजून ऐकते आहे" असं सुरुवातीलाच सांगा. लोक तुम्हाला जास्त मानतील. आणि पुढच्या खेपेला दिवाळीत येऊ नका, पाहुण्यांच्या गडबडीत कुणी मनातलं बोलत नाही. वसाहतीच्या देवाची यात्रा कधी असते ते विचारा. बुडिताच्या वेळी लोकांनी देव डोक्यावरून आणलेत, त्यांची देवळं नव्या जागी बांधली आहेत. यात्रेला सोलापूरचे, कोकणातले, मुंबईचे सगळे भावकीवाले येतात. त्या रात्री ओट्यावर बसा. वही काढू नका. तिथं "आम्ही" म्हणजे नेमके कोण कोण ते तुम्हाला दिसेल, आणि त्यातल्या पाच-पन्नास जणांनी आपणहून सांगितलं की आमचं हे म्हणणं तिकडं मांड, तर तेवढंच मांडा, त्यांच्या सह्यांसकट. त्यात परतण्याची मागणी असेलही. नसेल तर ती तुमची एकटीची म्हणून वेगळी लिहा.

परकी झालात का, असं विचारलंत. परक्या बाईला कुणी "आक्का" म्हणून सवाल करत नाही, तिला चहा पाजून वाटेला लावतात.

आणि एक काम आजच करा. वडिलांना फोन लावा. आजोबा गेल्यावर त्यांचे कागद वसाहतीवर राहिले की थोरला म्हणून मुंबईच्या खोलीवर आले, ते विचारा. माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल तर तळाशी, लग्नपत्रिका आणि जुन्या पासबुकांच्या खाली बघायला सांगा. नुकसानभरपाईची मूळ पावती, उठवण्याची नोटीस, काहीही. सापडलं तर फोटो भावाला पाठवा, आणि मूळ कागद पोस्टानं नव्हे, वडिलांच्या हातानं वसाहतीवर जाऊ द्या.